दसऱ्यानंतरची रोड ट्रिप आणि वाटेत शिवायची गोधडी: पुणे-धारवाड-यल्लापूर-गोवा

परतीचा पाऊस एकदाचा थांबला, ऑक्टोबरचं ऊन जरा नरमलं की दोन गोष्टींची एकदमच ओढ लागते, एक म्हणजे गाडी काढून चार-आठ दिवस कुठेतरी जावं आणि दुसरी म्हणजे थंडीच्या आधी हाताने काहीतरी उबदार शिवावं. बहुतेक जणी यातलं एक निवडतात, कारण गोधडी म्हटलं की डोळ्यासमोर येते ती जमिनीवर पसरलेली सहा-सात फुटांची घडी, ती गाडीत कशी काय नेणार? तर ती न्यायचीच नाही. कापणं घरी, शिवणं वाटेत आणि जोडणं परत आल्यावर, एवढी तीन कामं वेगळी केली की अख्खी गोधडी एका शबनममध्ये मावते. खाली जे सांगतेय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे, आणि मार्ग मी मुद्दाम असा घेतलाय की रस्ताभर शिवणकामाचंच काही ना काही भेटत राहील: पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, मग हल्याळ-यल्लापूरचं जंगल, अरबैल घाट उतरून अंकोला-कारवार, गोवा आणि येताना सावंतवाडी-आंबोली.

किती मोठं करायचं ते आधी ठरवा

पहिल्यांदा करताय तर डबल बेडची गोधडी डोक्यात आणूच नका. बाळाची गोधडी घ्या, 36 बाय 36 इंच. ती होते 12 इंचाच्या 9 ब्लॉकमध्ये, म्हणजे वेगवेगळे शिवून नंतर जोडायचे चौकोन, तीन ओळी तीन रांगा. हात बसलेल्या बाईला एक ब्लॉक पूर्ण शिवायला दीड-दोन तास लागतात, नवीन असाल तर तीन धरा. म्हणजे आठवड्याच्या ट्रिपमध्ये रोज एक-दीड ब्लॉक झाला तरी परत येईपर्यंत सगळे नऊ तयार. सिंगल बेडची हवी असेल तर 5 बाय 7 असे 35 ब्लॉक, 60 बाय 84 इंच, पण हे एका ट्रिपचं काम नाही, ते दिवाळीला सुरू करून होळीपर्यंत चालवायचं.

माझं मत विचाराल तर नऊ ब्लॉकवालीच करा. ट्रिपमध्ये पूर्ण होणारं काम हातात असलं की दोन्हीची मजा येते, न होणारं असलं की मुक्कामाला पोचल्यावर किल्ला बघायचा सोडून तुम्ही शिवत बसता आणि घरचे वैतागतात.

निघायच्या आधीचा आठवडा

हा आठवडा सगळ्यात महत्त्वाचा, खरं सांगायचं तर निम्मी गोधडी इथेच होते.

कापड सुतीच घ्या. जुनी सुती साडी, नऊवारी लुगडं, धोतर, बाबांचे सुती शर्ट, मुलींचे जुने कुर्ते. कपाट उघडून कापड उजेडासमोर धरायचं, जिथे विरलेलं आहे तिथून आरपार दिसतं, तो भाग वरच्या थराला नको, मधल्या थरात चालेल. सिंथेटिक मिक्स असलेलं कापड ओळखायचं असेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, सुताची राख भुरभुरते आणि कागद जळाल्यासारखा वास येतो, पॉलिएस्टरची कडक गुठळी होते. मिक्स कापड सुईला जड जातं आणि अंगावर गरमही होतं.

नवीन कापड आणलंत, समजा तुळशीबागेतून किंवा रविवार पेठेतून कटपीस, तर आधी धुवायचंच. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि न धुता शिवलं तर नंतर गोधडी एकीकडे आखडते. लाल, गडद निळा, मरून यांची खास परीक्षा घ्या, पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासायचा, रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग बसतो असं घरोघरी सांगतात पण एकदा रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने पक्का होत नाही, पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत धुणं हाच मार्ग.

रंग कसे निवडायचे? शरदातले रंग रस्त्यावरच मिळतात. झेंडूचा केशरी आणि पिवळा, पिकलेल्या भाताचा सोनेरी, पावसाने धुतलेल्या आभाळाचा निळा, उसाचा पोपटी, आणि पुढे धारवाडकडे गेलात की नांगरलेल्या रानाचा काळा. यातले तीन घ्या आणि एक फिका रंग, ऑफ-व्हाइट किंवा राखाडी. चारपेक्षा जास्त रंग पहिल्या गोधडीत सांभाळणं अवघड जातं असं मला वाटतं, अर्थात आपल्या आज्यांनी पंधरा-वीस रंगांच्या गोधड्या डोळ्यांना न खुपणाऱ्या केल्यात, पण त्यांची नजर तयार होती.

आता कापणी. एका ब्लॉकला तीन थर:
वरचा तुकडा 13 बाय 13 इंच (जोडताना चारी बाजूंनी अर्धा इंच आत जातो, म्हणून तयार ब्लॉक 12 चा), यावर ठिगळं जोडून डिझाइन करायचं असेल तर ते जोडून झाल्यावर 13 भरला पाहिजे.
मधला थर 12 बाय 12 इंच, जुन्या साडीचं दुहेरी कापड. थंड गावात राहत असाल तर तिहेरी.
खालचं अस्तर 13 बाय 13 इंच.

मधला थर एक इंचाने लहान का, तर तो वरच्या आणि खालच्या कापडाच्या मधोमध ठेवला की चारी बाजूंनी अर्धा इंच मोकळा राहतो आणि शेवटी ब्लॉक जोडताना सांध्यावर जाडी येत नाही. जाड सांधा म्हणजे झोपताना टोचणारी गोधडी. माप कागदावर नको, पुठ्ठ्यावर काढून घ्या आणि त्या पुठ्ठ्याभोवती खडूने आखून कापा, सगळे ब्लॉक सारखे येतात.

वरच्या तुकड्याला कापण्याआधी हलकी खळ करून इस्त्री मारा. वाटेत इस्त्री नसते, खळ केलेलं कापड नखाने दाबलं तरी घडी धरून ठेवतं, ठिगळाच्या कडा दुमडायला ही गोष्ट फार उपयोगी पडते.

मग तिन्ही थर एकावर एक ठेवून कच्चा टाका घाला. पांढऱ्या साध्या दोऱ्याने, इंच-दीड इंचाचे लांब टाके, आधी दोन तिरक्या रेषा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आणि मग चारी कडांनी. टाचण्या लावून भागेल असं वाटतं पण गाडीत टाचण्या नकोच, त्या निसटतात आणि सीटच्या फटीत जाऊन बसतात. कच्च्या टाक्याला घरी बसून एक संध्याकाळ जाते, टीव्हीसमोर होऊन जातं.

शिवायच्या रेषाही घरीच आखून घ्या, कडेपासून एक इंच सोडून, बोटभर म्हणजे पाऊण इंच अंतरावर. खडूच्या पेन्सिलीने आखा, बॉलपेनने नको. प्रत्येक ब्लॉक वेगळ्या झिप पिशवीत घालायचा. वाटेत एका वेळी एकच पिशवी उघडायची, बाकीच्या डिकीत.

सुई-दोऱ्याचा डबा

दोरा: पर्ल कॉटनचा, म्हणजे भरतकामाच्या पीळदार सुती दोऱ्याचा, 8 नंबरचा गोळा, साधारण 80-85 मीटर येतो. 13 इंची ब्लॉकमध्ये कडेचा इंच सोडून पाऊण इंचावर रेषा घेतल्या तर पंधराएक ओळी होतात आणि गाठी-बिठी धरून पाच मीटरच्या आसपास दोरा लागतो, म्हणजे नऊ ब्लॉकला 45 मीटर, एका गोळ्यात जोडणीसकट सगळं होतं. पर्ल कॉटन महाग वाटलं तर गोधडीचा जाड सुती दोरा घ्या, त्याला मेण लावून घेतलं की गुंता कमी होतो. मशीनचा दोरा नको, तो जुन्या मऊ कापडात खोल रुततो आणि टाका दिसतच नाही.

सुई: एम्ब्रॉयडरीची, 5 किंवा 6 नंबर, मोठ्या नेढ्याची. हलत्या गाडीत बारीक नेढ्यात दोरा ओवणं म्हणजे डोळ्यांवर अत्याचार. निघायच्या आधी आठ-दहा सुया ओवून घ्या, प्रत्येकीत हातभर म्हणजे दीडेक फूट दोरा, आणि फ्लॅनेलच्या तुकड्यावर टोचून तो तुकडा गुंडाळून ठेवा. दोरा यापेक्षा लांब घेतला की ओढताना हात शेजारच्याच्या डोळ्यापर्यंत जातो, आणि दोराही मध्येच झिजतो.

डबा स्टीलचा घ्या, जुना टिफिनचा चालेल, आत एक छोटं लोहचुंबक. सुया मोजून आत, मोजून बाहेर, गाडीतून उतरताना हा नियम मोडायचा नाही, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नाही. बाकी मग टोकाला टोपण असलेली छोटी कात्री, अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी), मेणाचा तुकडा, ओला रुमाल. हो, ओला रुमाल विसरू नका, कोल्हापुरात मिसळ खाऊन आल्यावर तेलकट हात पांढऱ्या कापडाला लागला की तो हळदीचा डाग सहजी निघत नाही. हात साबणाने धुवून, पूर्ण कोरडे करून मगच काम हातात.

गाडीत कसं आणि कधी

गाडी चालवणाऱ्याने शिवायचं नाही हे सांगायची गरज नाही, पण पुढच्या सीटवर बसणाऱ्यानेही शिवू नका असं मी ठामपणे सांगेन. एअरबॅग उघडते तेव्हा हातातली सुई-कात्री थेट तोंडाकडे येते. मागच्या सीटवर बसा, बेल्ट लावून. मांडीवर एक उशी घ्या, तिच्यावर ब्लॉक, म्हणजे मान खाली वाकत नाही आणि तासाभराने खांदे भरून येत नाहीत. सुई टोचून काढायची ती स्वतःकडून बाजूला, अंगाच्या दिशेने कधी नाही.

सरळ हायवेवर, म्हणजे कराड ते कोल्हापूर किंवा निपाणी ते बेळगाव, धावदोरा, म्हणजे आखलेल्या रेषांवरचा साधा खाली-वर टाका, छान होतो. कात्रज, खंबाटकी, आणि पुढचा अरबैल, आंबोली, हे सगळे घाट येण्याआधी काम पिशवीत बंद. एकतर वळणावर सुई बोटात जाते आणि दुसरं म्हणजे खाली बघत बसलं की गाडी लागते. गाडी लागायची सवय असेल तर दर दहा-पंधरा टाक्यांनंतर मान वर करून लांब क्षितिजाकडे बघा, काच थोडी खाली ठेवा, आल्याची वडी तोंडात धरा, आणि तरीही मळमळलं तर चालत्या गाडीत शिवणं तुमच्यासाठी नाही, ते मान्य करून थांब्यांवर करा. थांब्यांवर होणारं कामही कमी नसतं, चहाचा थांबा, टायरची हवा, कोणाची तरी वाट बघणं, आणि संध्याकाळी मुक्कामाच्या ओसरीवरचे दोन तास तर उत्तमच.

अंधार पडला की गाडीतला दिवा लावून शिवू नका, चालवणाऱ्याला पुढच्या काचेत त्याचं प्रतिबिंब दिसतं. आणि या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आसपास ऊस गाळप सुरू होतं, कराडपासून बेळगावपर्यंत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, त्यामुळे रात्रीचा प्रवास टाळाच, पाच-साडेपाचला मुक्काम गाठायचा असं धरून रोजचं अंतर ठरवा. पुणे ते कोल्हापूर साधारण 230 किलोमीटर, कोल्हापूर ते बेळगाव 110 च्या आसपास, बेळगाव ते धारवाड 80 च्या आत. तीन दिवसांत निवांत होतं.

धावदोरा घालताना

मधोमध सुरू करा आणि कडेकडे जा, नाहीतर कापड एका बाजूला सरकून फुगा येतो. गाठ वरच्या थराखाली खेचून लपवायची, टक्क असा आवाज येतो आणि गाठ आत जाते. सुईवर तीन-चार टाके एकदम भरायचे आणि मग ओढायचं, इंचाला चार-पाच टाके पुरे. टाके सगळे एकसारखे यावेत म्हणून फार जीव काढू नका पण ओढ सारखी ठेवा, जास्त ओढलं की कापड चुण्या धरतं, जे सैल सोडलं ते नंतर पायाच्या अंगठ्यात अडकतं. कडेचा एक इंच मोकळा ठेवायचाच, मोह झाला तरी तिथे टाका नाही, जोडणी त्याच्यावरच होणार आहे.

वाटेतलं कापड आणि माणसं

साताऱ्याला पोचलात आणि सप्टेंबर संपता संपता किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला असाल तर कास पठार बघून घ्या, हंगामात ऑनलाइन बुकिंग लागतं. पश्चिम घाटातल्या ज्या जागा 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या त्यात कास आहे. सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी-जांभळा शेजारी शेजारी कसा दिसतो ते तिथे उभं राहून बघितलं की रंगांच्या जोड्या लावायची भीती जाते. फोटो काढून ठेवा आणि रात्री त्यावरून ठिगळांचे रंग लावा. दसऱ्यानंतर निघालात तर फुलं बरीचशी संपलेली असतात, मग उगाच वाट वाकडी करू नका.

कोल्हापुरात महाद्वार रोडला सुती साड्या मिळतात आणि जवळच्या इचलकरंजीत तर यंत्रमागांचं अख्खं गाव आहे, अस्तरासाठी साधं पांढरं सुती कापड मीटरवर घ्यायचं असेल तर तिकडे चक्कर मारा. बेळगावात खडे बाजार आणि गणपत गल्ली, आणि शहापूर-वडगावकडे विणकरांची वस्ती आहे. बेळगावात मराठी सर्रास चालतं त्यामुळे दुकानदाराशी भाव, कापड, रंग सगळं मनमोकळं बोलता येतं. कुंदा घ्या, पण तो शिवणाच्या पिशवीपासून लांब ठेवा.

धारवाडला मात्र दोन रात्री राहा. इथे कसुतीचं, म्हणजे या भागातल्या पारंपरिक भरतकामाचं, काम आहे. कसुतीत कापडाचे धागे मोजून टाके घालतात, आखणी नाही, छाप नाही, आणि टाके मुख्यतः चार: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा, एकदा जायचं आणि त्याच रेषेवर मोकळ्या जागा भरत परत यायचं, त्यामुळे कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. मुरगी त्याचीच पायऱ्यापायऱ्यांची चाल. नेयगी विणल्यासारखी दिसते, मेंथी म्हणजे फुली टाका. गोपूर, तुळशीवृंदावन, हत्ती, रथ, पालखी हे नमुने, आणि जुनी पद्धत काळ्या चंद्रकळा साडीवर काढायची. आपल्याकडे धावदोरा सगळ्यांना येतोच, त्यामुळे गवंती एका संध्याकाळीत हाताला लागते. एक ब्लॉक मुद्दाम साध्या एकरंगी जाड सुती कापडाचा ठेवा आणि तिथे खोलीवर बसून त्याच्यावर छोटं वृंदावन काढा, पण हे काम गाडीत करायचं नाही, धागे मोजायचे म्हणजे नजर स्थिर पाहिजे. आणि ही नक्षी तिन्ही थर जोडण्याआधी नुसत्या वरच्या कापडावर काढायची असते, म्हणून तो एक ब्लॉक कच्चा टाका न घालताच न्या.

धारवाडजवळ गरग नावाचं गाव खादीसाठी ओळखलं जातं, आणि हुबळीच्या बेंगेरीत राष्ट्रध्वज तयार करणारा खादी संघ आहे. हातमागाची खादी गोधडीच्या अस्तराला फार छान, आधी दोनदा धुवून मऊ करून घ्यायची. खण घ्यायचा मोह होणार, गुळेदगुड्डचा खण धारवाडच्या बाजारात सहज मिळतो, घ्या, पण पूर्ण ब्लॉक खणाचा करू नका. खण कडेला फार सुटतो आणि सुती कापडासारखा धुता येत नाही. तीन-चार इंची ठिगळ, मागे पातळ सुती अस्तर लावून, कडा अर्धा इंच दुमडून, एवढंच. बाळाच्या गोधडीत तर खण नकोच, टोचतो.

इथून पुढे हल्याळ आणि यल्लापूर, आणि माझ्या मते या मार्गावरचा सगळ्यात मोलाचा भाग. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या या जंगलात सिद्दी लोक राहतात. त्यांचे आफ्रिकन पूर्वज पोर्तुगीज काळात आणि इतरही मार्गांनी गुलाम म्हणून आणले गेले, त्यातले बरेच गोव्यातून निसटून या रानात वस्ती करून राहिले. 2003 मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचे शब्द भरपूर ऐकू येतात, त्यामुळे आपल्याला संवाद जमतो. सिद्दी बायका जी गोधडी शिवतात ती कवंदी, आणि तिची पद्धत आपल्या ब्लॉकच्या अगदी उलट. अस्तराची साडी पसरून एका कोपऱ्यापासून सुरुवात, काठाने ठिगळं लावत चारी बाजू फिरायच्या आणि गोल गोल आत येत मध्यावर संपवायचं. प्रत्येक ठिगळाची कड दुमडून आधीच्या ठिगळाच्या कच्च्या कडेवर चढवायची, त्याच धावदोऱ्याने ठिगळही बसतं आणि थरही जोडले जातात, वेगळी जोडणी नाही, वेगळा गोट नाही. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, ती नसली तर कवंदी पूर्ण झाली असं धरत नाहीत. सिद्दी हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत, आणि काही कवंद्यांवर क्रूस किंवा चंद्रकोर ठिगळांतून उमटलेली दिसते. हेन्री ड्रुवल या अमेरिकन कला-इतिहासकाराने या बायकांबरोबर काम केलं आणि 2004 मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, त्यानंतर कवंद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत लागल्या.

इथे वागायचं कसं ते नीट समजून घ्या. सिद्दी वस्त्या म्हणजे टुरिस्ट पॉइंट नाहीत. न सांगता गाडी घेऊन अंगणात उभं राहायचं आणि मोबाइल काढायचा असं करू नका. हल्याळ किंवा यल्लापूरला ओळखीतून, एखाद्या महिला गटामार्फत आधी विचारा, भेट ठरली तर जा. जाताना तुमचा अर्धा शिवलेला ब्लॉक बरोबर न्या, शिवणाऱ्या बाईच्या हातात शिवण दिलं की ओळख करून द्यायला दुसरं काही लागत नाही, ती ते उलटून मागची बाजू बघणार आणि बोलायला लागणार. फोटो विचारून. आणि कवंदी विकत घेत असाल तर घासाघीस नको, एका मोठ्या कवंदीत किती दिवसांचे हात गेलेत हे तुम्ही स्वतः नऊ ब्लॉक शिवत आहात म्हणून तुम्हाला कळायला पाहिजे. नमुना बघून घरी जाऊन तसंच करून विकायला काढणं तर अजिबात नको, शिकायला करा, स्वतःच्या घरात वापरा.

कवंदीची पद्धत करून बघायची असेल तर यल्लापूरच्या मुक्कामी 18 इंची उशीचा अभ्रा घ्या. 19 इंची अस्तर, त्यावर 18 इंची मधला थर, अस्तराची बाहेर उरलेली अर्धा-अर्धा इंच कड आत वळवून घ्या. कोपऱ्यात पहिलं ठिगळ, बाहेरच्या दोन कडा दुमडून. काठाशी पहिला धावदोरा, मग त्याला समांतर बोटभर अंतरावर दुसरा, ठिगळ संपत आलं की पुढचं त्याच्यावर चढवायचं. कोपऱ्यात वळायचं, थांबायचं नाही. मध्ये शेवटचं ठिगळ चारी बाजूंनी दुमडून बसवलं की झालं. फुलांसाठी तीन इंची चौकोन आडवा-तिरका दोनदा दुमडून त्रिकोण करायचा आणि त्याची कच्ची बाजू कोपऱ्याच्या ठिगळाखाली सरकवून शिवायची, म्हणून पहिल्या फेरीतच चारी कोपऱ्यांचं ध्यान ठेवा.

यल्लापूरहून अंकोल्याकडे उतरताना अरबैल घाट, सुई बंद. कारवार-काणकोण भागात हवा दमट, ब्लॉकच्या पिशव्या रात्री उघड्या ठेवा नाहीतर कापडाला कुबट वास धरतो आणि सुयांना गंज चढतो, सुया मेण लावून ठेवल्या तर चांगल्या राहतात. गोव्यात लाल चौकड्यांची कुणबी साडी बघा, सुती आणि घट्ट विणीची, कडेच्या गोटासाठी याच्यासारखं कापड नाही. सावंतवाडीत चितार आळीत लाकडी खेळणी आहेत, शिवणाशी संबंध नाही पण बाळासाठी गोधडी करताय तर बरोबर एखादा लाकडी खुळखुळा छान जातो. आंबोली-आजरा करून हायवेला लागलात की उरलेला शेवटचा ब्लॉक पुण्यापर्यंत होऊन जातो.

शिवायचं नाही, क्रोशे जमतं, असं असेल तर? तेही उत्तम, क्रोशेचे ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून सुरू करून विणायचे छोटे चौकोन, गाडीत धावदोऱ्यापेक्षाही सोपे कारण बोटं न बघता चालतात. लोकर वाटीत किंवा पिशवीत ठेवा म्हणजे गोळा सीटखाली पळत नाही. मण्यांचं तोरण, टिकल्या, आरसे, हे मात्र घरीच करा.

घरी आल्यावर जोडणी

आधी नऊ ब्लॉक जमिनीवर मांडून त्यांच्या जागा ठरवा, दोन दिवस तसेच राहू द्या, येता-जाता बघा, बदला. मग एका ओळीतले दोन ब्लॉक सरळ बाजू सरळ बाजूला लावून धरा आणि फक्त वरची दोन कापडं अर्धा इंच आत पकडून शिवा, मशीनवर चालेल. कडांचा कच्चा टाका त्याआधी उसवून मधला थर आणि अस्तर बाजूला दुमडून ठेवायचं. शिवून झालं की उघडून पालथं करा, मधले थर एकमेकांना टेकलेले दिसतील, चढलेले नाहीत. आता एका ब्लॉकचं अस्तर सपाट पसरा, दुसऱ्याचं अर्धा इंच आत दुमडून त्याच्यावर ठेवा आणि हाताने तुरपाई करा. पुढून सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक धावदोरा घाला, तो जो इंचभर मोकळा ठेवला होता तो इथे भरतो. अशा तीन ओळी तयार करा आणि मग ओळीला ओळ याच पद्धतीने. ओळी जोडताना चौकात चार सांधे जुळायला हवेत, आधी चौकांमध्ये सेफ्टी पिन लावा, मग मधलं शिवा.

कडेला गोट. अडीच इंच रुंद पट्टी, कुणबी कापडाची किंवा कुठलीही घट्ट विणीची, एकाला एक जोडून साधारण 4 मीटर लांब. लांबीत दुमडून दुहेरी करायची, पुढून कच्ची कड गोधडीच्या कडेला लावून शिवायची, मागे वळवून तुरपाई. कोपऱ्यात पट्टी ओढू नका, थोडी सैल सोडून तिरकी घडी घाला.

मागच्या बाजूला एका कोपऱ्यात साल आणि गावांची नावं दोऱ्याने काढा, सातारा, धारवाड, यल्लापूर, जसं असेल तसं, गोधडी पुढे कोणाच्या हाती गेली तर त्यांना माहीत असावं. पहिलं धुणं हाताने, थंड पाण्यात, रिठ्याने किंवा सौम्य पावडरने, बाकी कपड्यांपासून वेगळं. भिजवून तासनतास ठेवू नका. पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत दोन दोऱ्यांवर आडवी टाका, एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने मधोमध ताणली जाते. कच्च्या टाक्याचे उरलेले पांढरे दोरे या धुण्याआधी काढायचे, एकदा का ते आटले की उपसताना वरचा टाकाही तुटतो.